आईची जीभ नीट पाहणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

आई आता पोटभर जेवते, तेही चवीला नावं ठेवत. कळवायचं होतं ते एवढंच. पण आभार मानायला बसलं की मागचा रागही वर येतो, तेव्हा पत्र जरा लांबेल.

तुमच्याआधी एकांनी 'तोंड आलंय' म्हणून लावायला जेल दिलं. दुसरे तर आई समोर असताना माझ्याकडे बघून म्हणाले, "या वयात असं मनाचं असतं." जीभ लालभडक, गुळगुळीत झालेली, पाणीही झोंबायचं. ती धड कुणी पाहिली नाही.

तुम्ही उजेडात पाहिलीत, दोन्ही कडांसकट. आणि बोलताना तिला त्रास होतोय हे दिसताच कागद-पेन तिच्यापुढे सरकवलंत. "बोलू नका. सावकाश लिहा, मी थांबते." बाहेर रांग होती, तरी खरंच थांबलात. मी तिच्या वतीनं उत्तर द्यायला गेले, तर मला हातानंच गप्प केलंत. (बरं केलंत.) तिनं पान भरून लिहिलं. तळपायांना मुंग्या येतात, हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन कितीतरी वर्षं चालू आहे, तेही त्यातच होतं.

तिथूनच धागा लागला. ही गोळी दीर्घकाळ घेतल्यानं काहींना बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडतं. मग जिभेवरचे बारीक अंकुर झिजतात, नसाही दुखावतात. तपासणीत बी-१२ फारच कमी निघालं. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारलेलं दिसेल आणि नसांचं नुकसान आत चालूच राहील, हे तुम्ही समजावलंत. मधुमेहाची गोळी मनानं बंद करायची नाही, हेही बजावलंत. इंजेक्शनांनी आधी आग शमली, मग हळूहळू जिभेवरची खरखर परतली. मुंग्या थोड्या आहेत अजून.

हुशार डॉक्टर पुष्कळ भेटतात हो. पण दुखणं ज्याचं आहे त्यालाच ते सांगू द्यावं, मध्ये घड्याळाकडे बघू नये, इतकी साधी माणुसकी दुर्मीळ झालीय.

आता ओळखीचे लोक इंजेक्शनचं नाव विचारतात. मी सांगत नाही. जीभ लोह कमी पडल्यानंही अशी होते, बुरशीनंही होते. कधी टोकदार दात किंवा घट्ट कवळी टोचत असते. आणि अचानक सुजून श्वास अडायला लागला, तर थेट इस्पितळच गाठायचं. तुमचा पत्ता मात्र सगळ्यांना देते. रांग वाढली तर दोष माझा.

आपली कृतज्ञ,
तुमच्या पेशंटची मुलगी