कोणाची त्वचा तपासायची, हे सांगितल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या माझ्या दिरांनी सोलापूरच्या उन्हाचा हवाला देऊन, आम्ही सर्वांनी दरवर्षी त्वचेच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी, असा आग्रह धरला, तेव्हा मी घाबरून आपल्याकडे आले होते. तपासणी उरकून मला वाटेला लावणे आपल्याला सोपे होते. आपण मात्र मला समजावत बसलात. तिकडे प्रखर अतिनील किरणांखाली गोऱ्या कातडीची माणसे राहतात आणि सत्तरीपर्यंत तिघांपैकी दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो. आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे इकडे तो क्वचितच आढळतो, असे आपण सांगितले. लक्षणे नसलेल्या माणसांच्या सरसकट तपासणीचे फायदे-तोटे ठरवण्यास पुरावा अपुरा आहे, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या गटानेही २०२३ मध्ये म्हटले, हे ऐकून माझी धास्ती गेली.

परंतु आपण तेवढ्यावर थांबला नाहीत. आपल्याकडे मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, म्हणजे ऊन न लागणाऱ्या जागी होतो आणि म्हणूनच उशिरा लक्षात येतो, हे सांगून आपण विचारलेत, "घरात कोणाची बरी न होणारी जखम आहे का? भाजल्याचा जुना व्रण?"

त्या प्रश्नाने मला आई आठवली. जन्मभर नऊवारीखाली परकराची नाडी एकाच जागी आवळून बांधल्याने तिच्या कमरेवर काळा पट्टा पडला होता आणि त्यातील चीर कित्येक महिने भरत नव्हती. कमरेची जखम बाईमाणसाने दाखवायची कोणाला, म्हणून ती हळद लावून गप्प राहिली होती. अशा जुनाट जखमेत कर्करोग उद्भवू शकतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आपण तिला पडद्याआड नेऊन, तिचा संकोच जपत तपासलेत आणि जखमेचा तुकडा तपासणीला पाठवलात. अहवालात कर्करोग नव्हता. ते आठ दिवस मी विसरणार नाही, आणि त्या काळात दोनदा आपण स्वतः केलेला फोनही.

आता आई नाडीऐवजी रुंद पट्टा सैल बांधते. जखम भरली आहे. मी वार्षिक तपासणी करत नाही. महिन्यातून एकदा आईची कंबर आणि सर्वांचे तळपाय पाहते. आईने आपल्यासाठी शेंगांची चटणी कुटून ठेवली आहे, ती घेऊन आम्ही दोघी सोमवारी येतो.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी, सोलापूर