राउटर घेतला, पण त्याचा ताबा कोणाकडे?

महोदय,

पूर चढू लागला की आयर्विन पुलाची पाणीपातळी, कोयनेचा विसर्ग आणि स्टुडिओतली चर्चा स्थानिक वाहिन्यांना आलटून पालटून दाखवावी लागते. त्यासाठी एसडीआय राउटर (इंटरनेटचा नव्हे, एसडीआय केबलवरून आलेलं कोणतंही चित्र हव्या त्या ठिकाणी पोचवणारं यंत्र) घेताना सगळी घासाघीस इनपुट-आउटपुटच्या आकड्यावर होते. त्याला हुकूम देणाऱ्या कंट्रोल सिस्टिमचं, म्हणजे बटणांची पॅनेल आणि संगणक यांचं, नाव निघतं ते रॅक बसल्यावर. आमच्या मते खरेदीची सुरुवातच तिथून व्हावी.

आधी कागदावर तक्ता करा: सोर्स (चित्र येतं ती ठिकाणं) कोणते, डेस्टिनेशन (चित्र जातं ती ठिकाणं) कोणती, कोणत्या पॅनेलवरून काय बदलता येईल. बऱ्याच जुन्या पॅनेलवर नावाची आठच अक्षरं दिसतात, म्हणून ‘कॅम १’, ‘पूल’ अशी छोटी नावं ठरवा आणि तीच केबलच्या दोन्ही टोकांना चिकटवा. आवाज एसडीआयमध्येच असेल तर एक लेव्हल (जोडण्यांचा एक थर) पुरते. वेगळा येत असेल तर ऑडिओची दुसरी लेव्हल लागते, नाहीतर चित्र पुलाचं आणि आवाज स्टुडिओचा! प्रक्षेपणाला जाणारं डेस्टिनेशन चुकून बदलू नये म्हणून लॉक हवंच. कॅमेरे राउटरमधून मिक्सरला (चित्रं निवडायच्या यंत्राला) जात असतील तर टॅलीलाही, म्हणजे चालू कॅमेऱ्यावर लाल दिवा लावणाऱ्या यंत्रणेलाही, राउटरची स्थिती कळली पाहिजे. ती न कळल्यास लाल दिवा भलत्याच कॅमेऱ्यावर लागतो.

नेटवर्कमध्ये हयगय नको. राउटर, पॅनेल आणि कंट्रोलचा संगणक यांना स्वतंत्र स्विच आणि कायमचे आयपी पत्ते द्या. डीएचसीपीवर (पत्ता आपोआप मिळण्याच्या सोयीवर) ठेवलं तर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलू शकतो आणि पॅनेल मुकं होतं. ब्लॅकमॅजिक कंपनीचा व्हिडिओहब हा राउटर नेटवर्कवरून टीसीपी ९९९० पोर्टवर साध्या मजकुरात हुकूम घेतो, पासवर्ड मागत नाही. म्हणजे तो ऑफिसच्याच नेटवर्कवर असेल तर वायफायवरचा कोणीही ऑन-एअर चित्र बदलू शकतो. नेटवर्कऐवजी आरएस-४२२ या सिरियल केबलने जोडणी असेल तर दोन्हीकडचा बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) एकच ठेवा. उत्तरच येत नसेल तर आधी पाठवायची आणि घ्यायची तारांची जोडी उलटी लागली आहे का ते पाहा.

स्विच करताना चित्राला झटका बसला की दोष पॅनेलवर ढकलला जातो. बहुधा राउटरला ब्लॅकबर्स्ट रेफरन्सच, म्हणजे सगळ्या यंत्रांची वेळ जुळवणारा सिग्नलच, दिलेला नसतो. १०८०आय५० या एचडी फॉरमॅटमध्ये बदल चित्र सुरू होण्याआधीच्या, सातव्या ओळीवर व्हायला हवा. बाहेरून येणारं चित्र रेफरन्सशी जुळलेलं नसेल तर त्याला फ्रेम सिंक्रोनायझर (चित्राची वेळ रेफरन्सशी जुळवणारं यंत्र) लागतो. राउटर वेळ जुळवून देत नाही.

आणि सांगलीत तरी रॅक तळमजल्यावर नको, २०१९चा पूर विसरू नये.

कंट्रोलचा संगणक बंद पडला तरी चालू जोडण्या सहसा तशाच राहतात, फक्त बदलता येत नाहीत. म्हणून एक साधं पॅनेल थेट राउटरला जोडा आणि ऑन-एअर मार्गासाठी पॅचबेवर (हाताने केबल जोडायच्या पट्टीवर) राउटर वगळून जाणारा बायपास ठेवा. बिल चुकतं करण्याआधी पुरवठादारासमोर संगणकाची केबल काढून पाहा, मग राउटरची वीज घालवून परत द्या. जोडण्या, नावं आणि लॉक जसेच्या तसे परत आले नाहीत तर सही करू नका.

– प्रसारण तंत्रज्ञ, सांगली