सईस, गॅलिलिओवरच्या भाषणाबद्दल

चि. सई, अनेक आशीर्वाद.

भाषण वाचलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्याबद्दल चर्चने १६३३ मध्ये गॅलिलिओवर चालवलेला खटला नीट मांडलास, पण तेवढ्यावरून धर्म विज्ञानाचा वैरी असा निकाल लावून मोकळी होऊ नकोस. त्यानंतर बावीसच वर्षांनी, १६५५ मध्ये, पोपच्याच अमलाखालच्या इटलीतल्या बोलोन्यात खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने सान पेत्रोनिओ चर्चच्या छताला भोक पाडलं. उंची सुमारे २७ मीटर, भोकाचा व्यास तिच्या हजारावा भाग, २७ मिलिमीटर. खाली फरशीत ६७ मीटरची दक्षिणोत्तर रेघ. चर्चला ईस्टर सणाची तारीख ठरवायला वसंतसंपाताचा, म्हणजे मार्चमधल्या समान दिवस-रात्रीचा, दिवस अचूक हवा होता. कॅसिनीने त्याच रेघेवर सूर्यबिंबाचा आकार वर्षभर मोजला आणि आकडे पृथ्वी सूर्याभोवती फिरते मानणाऱ्या केप्लरच्या गणिताच्या बाजूने पडले. पृथ्वी फिरते म्हणायला बंदी, मोजायला मात्र परवानगी!

आपल्याकडेही ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये ग्रहण राहूमुळे होतं हे नाकारणाऱ्या आर्यभटांना फटकारलं, आणि चंद्रग्रहणाचं गणित मात्र पृथ्वीच्या छायेवरूनच केलं.

सुट्टीत नागपूरला आलीस की २२ डिसेंबरला गच्चीवर एक करून बघ. यज्ञवेदीसाठी नेमकी पूर्व हवी म्हणून कात्यायन शुल्बसूत्राने, म्हणजे वेदीच्या मापांच्या प्राचीन ग्रंथाने, रीत दिली आहे: सपाट जागी शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, रोवायचा, त्याच्याच उंचीच्या दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं आणि दुपारी बाहेर पडतं, त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ.

पण डिसेंबरात इथे गोची होते. आपला अक्षांश २१°९′, त्यामुळे मध्यान्हीचा सूर्य जेमतेम ४५.४° वर येतो. ३० सेंटिमीटरच्या शंकूची सर्वांत आखूड सावलीच २९.६ सेंटिमीटर! टोक वर्तुळात शिरतं न शिरतं तोच बाहेर पडतं, खुणा अगदी जवळ येतात आणि रेघ तिरकी जाते. म्हणून ४५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ घे. खुणा साधारण पावणेदहा-दहाला आणि अडीचला मिळतील.

गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो, तेव्हा प्लायवूडखाली पाचरी घालून लेव्हल लाव आणि शंकू ओळंब्याने तपास. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाचं बिंब आहे, त्यामुळे सावलीचं टोक पाचेक मिलिमीटर तरी धूसर दिसतं. शंकूच्या टोकावर ३ मिलिमीटर भोकाचा पुठ्ठा आडवा चिकटव, पुठ्ठ्याच्या सावलीत उन्हाचा ठिपका पडेल. त्याच्या मध्यावर खूण कर. कॅसिनीच्या छतातल्या भोकाचं कामही हेच. होकायंत्राशी ताडायचं असेल तर अंगणात जा, स्लॅबमधल्या सळया सुई फिरवतात.

मध्यान्ह बाराला नाही हं. प्रमाणवेळ ८२.५° रेखांशाची, आपण ७९.१° वर, म्हणून त्या दिवशी साधारण १२:१२. प्रत्येक खुणेशेजारी वेळ लिही.

तुझी आई