पीएम (पोस्टमॉर्टेम) रूममधल्या दादांना

सलाम दादा,

सांत्वनाच्या सभेत माईकवरून सगळ्यांचे आभार मानून झाले. चर्चचे पाळकसाहेब, पंच कमिटी, महिला मंडळ, बाहेरगावाहून आलेली मंडळी, शववाहिनीचा ड्रायव्हर, अगदी मंडपवाला सुद्धा. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. घेणार तरी कसं, त्या खोलीत तुमच्या-माझ्याशिवाय होतं कोण. म्हणून मी लिहितेय, तिथली एखादी सिस्टर तुम्हाला वाचून दाखवेल अशी आशा आहे.

तुमच्याकडे रोज कुणी ना कुणी येतं म्हणून ओळख सांगते. चांदसैली घाटात जीप उलटली होती, त्यातले आमचे हे. धडगावकडे आदिवासी पोरांचं होस्टेल बघायचे. आम्ही मूळचे नगरचे, आमच्या चर्चच्या मंडळीने सेवेसाठी सातपुड्यात पाठवलं, लग्न झाल्या झाल्या आलो आणि इथलेच होऊन गेलो. हे इथली पावरी बोली फर्स्टक्लास बोलायचे, मी अजून अडखळते. सकाळी होस्टेलचा किराणा भरायला तळोद्याला जातो म्हणून निघालेला माणूस, आणि दुपारी मला फोन की ओळख पटवायला या.

पोलीस, पंचनामा, सह्या हे सगळं सांगत बसत नाही. गेटवर एकाने आधी चहापाण्याचं विचारलं आणि एका साहेबाने माझ्याकडे मान वर करून न बघता ‘बॉडीसोबत कोण आहे’ असं ओरडून विचारलं, एवढंच लक्षात राहिलंय. त्या दोघांचे पण आभार मानले असते, पण कशाबद्दल ते आठवत नाहीये.

मग तुम्ही दारात आलात. ‘ताई, लगेच नका येऊ, थोडं थांबा, मी बोलावतो’ म्हणालात. मला वाटलं हे पण पैशाचंच असेल. खरं सांगते, तसंच वाटलं. आणि तुम्ही आत यांचा चेहरा धूत होतात. मला बोलावलंत तेव्हा चादर गळ्यापर्यंत नीट ओढलेली, कपाळावरची जखम पट्टीने झाकलेली, आणि तुम्ही बाजूला उभे राहून खिशातून स्वतःचा कंगवा काढून पाण्यात बुडवून विचारलंत, ‘ताई, साहेब भांग कुठल्या बाजूला पाडतात?’

दादा, सकाळपासून मला शंभर प्रश्न विचारले होते लोकांनी. वय काय, आधार कार्ड आणलंय का, जीप कुणाच्या नावावर, किती वाजता निघाले. हा एकच प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर फक्त मला माहीत होतं. मी म्हटलं उजव्या, डावीकडे भोवरा आहे, तिकडचे केस बसतच नाहीत. तर तुम्ही भोवरा बोटाने चाचपून बघितलात, ‘हां, आहे की’ म्हणालात, आणि उजवीकडे सरळ भांग पाडलात. मग मी रडले. तुम्ही गप्प बसा म्हणाला नाहीत, धीर धरा नाही, काहीच नाही. स्टूल सरकवलंत आणि बाहेर जाऊन दाराशी उभे राहिलात, कुणालातरी ‘पाच मिनिटं थांबा हो’ म्हणताना आवाज आला.

त्यानंतर मला तसं रडायला मिळालंच नाही हो.

कारण घरी आमची माणसं आली. माणसं वाईट नाहीत, डबे आणले, कबर खणायला पोरं पाठवली, ते मी विसरणार नाही. पण तोंडं! प्रभूची योजना होती. प्रभूने गौरवात नेलं. तुमच्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे बाई, आता तुम्ही विश्वासाची साक्ष द्यायची. एका वडीलधाऱ्यांनी तर रिपोर्टसाठी फोटो काढायचाय, जरा हसरा चेहरा ठेवा असं सांगितलं, देणगीदार बघतात म्हणे. आणि दफनाच्या दुसऱ्याच दिवशी क्वार्टर कधी मोकळं करणार याची हळूच चौकशी. प्रभूच्या योजनेत ते पण असावं.

सगळ्यात जास्त मला ग्लॅडिस स्टेन्सबाई ऐकवल्या गेल्या. दादा, तुम्हाला माहीत नसेल, ओडिशात बारीपदाला ग्रॅहम स्टेन्स नावाचे ऑस्ट्रेलियन मिशनरी कुष्ठरोग्यांची सेवा करायचे. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात ते आणि त्यांची दोन पोरं, फिलिप १० वर्षांचा आणि टिमोथी ६ वर्षांचा, रात्री गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवून दिली. बाईंनी मारणाऱ्यांना माफ केलं, मुलीला घेऊन तिथेच राहिल्या, काम चालू ठेवलं, २००५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं खरं आहे आणि मी त्यांच्यापुढे मान झुकवते. पण मला सांगितलं गेलं की बघा, त्या बाई रडल्या नाहीत. हे यांना कुणी सांगितलं? चौकशीसाठी वाधवा आयोग बसला होता, त्याला दिलेल्या प्रतिज्ञापत्रात बाईंनी देव माझ्यासोबत आहे असं लिहिलं, आणि त्यालाच जोडून हेही लिहिलं की ग्रॅहमला का मारलं असेल हा विचार मला कधी कधी पडतो. का, हा प्रश्न त्यांनी पण विचारला ना! आमच्या लोकांनी माफी तेवढी पाठ केली आणि तो प्रश्न गाळून टाकला. आणि मी माफ तरी कुणाला करू, घाटातल्या वळणाला?

आमच्यात हे जुनंच आहे म्हणा. गॉर्डन हॉल म्हणून अमेरिकन मराठी मिशनचे अगदी सुरुवातीचे मिशनरी होते, १८२६ साली नाशिककडे फिरतीवर असताना कॉलऱ्याने गेले. लहानपणापासून संडेस्कूलला त्यांची गोष्ट ऐकलीये, कसे आजाऱ्यांना औषध वाटत फिरले वगैरे. त्यांची बायको आजारी मुलांना घेऊन आदल्याच वर्षी बोटीने अमेरिकेला निघाली होती आणि वाटेतच एक मुलगा गेला, हे मला फार नंतर कळलं. शिडाच्या जहाजांचा काळ, नवरा गेल्याचं तिला कितीतरी महिन्यांनी समजलं असणार. तिचं काय झालं, ती किती रडली, यावर एक उपदेश ऐकलेला नाही मी आजपर्यंत.

माझा विश्वास गेलेला नाही दादा, कुणी तसं समजू नये. रोज प्रार्थना करते, कधी कधी भांडते, पण त्याच्याशीच भांडते. फक्त पवित्र शास्त्र आता वेगळं वाचलं जातंय. ईयोबाचे मित्र त्याचं दुःख बघून सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले आणि सगळं बिघडवलं, ते जाऊ द्या. पण सात दिवस! आमच्याकडे चप्पल काढायच्या आधी बायबलचं वचन सुरू. आणि येशूला क्रुसावरून उतरवून, सुगंधी द्रव्यं लावून कापडात गुंडाळणारे योसेफ आणि निकदेम, ते बारा शिष्यांमधले नव्हतेच. जवळचे म्हणवणारे बहुतेक पांगले होते. हे मी कितीदा वाचलं असेल, पण तुम्हाला बघितल्यापासून ते दोघं मला दिसायला लागलेत.

तुमची जात-धर्म मी विचारला नाही, तुम्हीही विचारला नाहीत. ‘तुमच्यात कपडे कुठले घालतात’ एवढंच विचारलंत, आणि मी पांढरा शर्ट दिला तर त्याची वरची गुंडी तुटलीये हे तुमच्याच लक्षात आलं आणि कुठूनतरी सेफ्टीपिन आणलीत. मी पैसे पुढे केले तेव्हा हात मागे घेतलात. या पगारात, त्या वासात, दिवसभर असलं काम करून माणूस इतका नीट कसा राहू शकतो, हे मला खरंच कळत नाही. चांगुलपणावर सेमिनार घेणारे आमच्याकडे खूप आहेत, एकदा तुमच्याकडे ड्युटीला पाठवायला पाहिजेत.

महिला मंडळात मी सांगून टाकलंय की यापुढे कुणाच्या घरी गेलात तर आधी भांडी घासा, पोरांच्या वेण्या घाला, प्रार्थना विचारून करा. दोघी-तिघी रुसल्यात. रुसू देत.

आणि एक. तुमच्या हातात त्या दिवशी ग्लोव्हज फाटके होते, एका हाताला तर प्लास्टिकची पिशवी बांधली होती, मी बघितलं. पाहुणी म्हणून आलेली माझी नणंद नर्स आहे, तिच्याकडून जाड रबरी ग्लोव्हजचे दोन बॉक्स आणि गमबूट मागवलेत, पुढच्या आठवड्यात होस्टेलचा पोरगा आणून देईल. पैसे नाहीयेत ते, त्यामुळे हात मागे घेऊ नका. बुटाचा नंबर अंदाजाने ८ सांगितलाय, नाही बसला तर त्या पोराकडेच परत द्या, दुकानदार बदलून देतो म्हणालाय.

तुमची,
होस्टेलवाली ताई