कात्रणात गाळलेला टप्पा

फेअरबँक्स, अलास्का

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. चिऊच्या अरोरावरच्या, म्हणजे ध्रुवाजवळच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशावरच्या प्रकल्पाचं कात्रण मिळालं. 'सूर्याचे कण ध्रुवावर आदळतात आणि आकाश उजळतं' हे अगदीच खोटं नाही, पण मधला सगळ्यात गमतीचा टप्पा त्यात गाळलाय.

सौरवाऱ्यातले, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या कणांमधले, इलेक्ट्रॉन दुबळे असतात, साधारण दहाएक इलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे कणांची ऊर्जा मोजायचं माप). शंभर-सव्वाशे किलोमीटरपर्यंत खाली उतरून ऑक्सिजनला हिरवं चमकवायचं तर हजारो लागतात. ते बळ त्यांना कुठे मिळतं, हे खालून नुसतं बघून कळेना. कणच पकडायला हवे होते.

फेब्रुवारी १९५८ मध्ये कार्ल मॅकिलवेन या अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यानं कॅनडातल्या फोर्ट चर्चिलहून थेट अरोरात रॉकेटं सोडली. त्याच्या गुरूंचं, व्हॅन ॲलन यांचं, उपकरण घेऊन एक्सप्लोरर-१ हा अमेरिकेचा पहिला उपग्रह नुकताच वर गेला होता, त्यामुळे जगाचं लक्ष तिकडे. इकडे या पोराला तेजस्वी पट्ट्यात सापडले ते मुख्यतः इलेक्ट्रॉन, आणि बहुतेकांची ऊर्जा सहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. गोम इथेच आहे! नुसती धक्काबुक्की होऊन वेग मिळाला असता तर कोणी जोरात, कोणी हळू असते. सगळे सारखेच, म्हणजे वर कुठेतरी एकाच विद्युतदाबातून खाली ढकललेले.

आम्ही आजही मोजतो ते असं: दोन वाकवलेले पत्रे, मध्ये अरुंद फट, पत्र्यांवर व्होल्टेज. खंबाटकीच्या वळणावर जादा वेगाची गाडी बाहेरच्या कठड्यावर जाते ना, तसाच जोरकस इलेक्ट्रॉन बाहेरच्या पत्र्यावर आपटतो, मंद आतल्यावर. नेमक्या ऊर्जेचेच पार होतात. व्होल्टेज भराभर बदलत जायचं आणि दर पायरीला किती आले ते मोजायचं. रॉकेटला मिळतात जेमतेम काही मिनिटं, म्हणून हे फार झपाट्यानं करावं लागतं.

१९९६ साली सोडलेला 'फास्ट' उपग्रह चार हजार किलोमीटरपर्यंत जायचा, म्हणजे जिथे हा धक्का बसतो त्या भागातूनच. तिथली विद्युतक्षेत्रं त्यानं मोजली. मात्र झपाझप नाचणाऱ्या अरोरात ऊर्जा सारखी नसते; तिथे चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या आल्फव्हेन लाटा इलेक्ट्रॉनांना ओढून नेतात. २०२१ साली कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत लांबलचक प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) यंत्रात हे करूनही दाखवलं. मला खरं तर हाच भाग जास्त आवडतो, पण सातवीच्या वहीत तो मावायचा नाही.

चिऊला एवढंच लिहायला सांग: सूर्य ऊर्जा पुरवतो, शेवटचा धक्का पृथ्वीच्या दारातच बसतो. बाईंनी मार्क कापले तर खुशाल माझं नाव सांग.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू