ती फिट दारू प्यायल्यामुळे आली नव्हती

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

दारू सोडायला इथे आलो, त्याला आज नववा दिवस. अक्षर वेडंवाकडं आहे, पण पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी धरलेला पेलासुद्धा निम्मा अंगावर सांडत होता. त्या मानाने हे मोत्यासारखं समजा.

बाबा, दोन वर्षांपूर्वी तुम्ही बाटल्या मोरीत ओतल्यात, मला खोलीत कोंडलंत आणि दुसऱ्या दिवशी मला फिट आली. 'दारूने आली' असं तुम्ही अजून म्हणता. ती आली दारू तुटल्यामुळे. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद झाली, की पहिल्या 48 तासांत फिटचा धोका असतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत भास, ताप, भ्रम सुरू झाला तर माणूस दगावतोसुद्धा. तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, मी तरी कुठे विचारलं? राग नाही. पण पुन्हा कधी वेळ आलीच, तर कोंडू नका, दवाखान्यात न्या.

इथे सलाईन लावायच्या आधी थायमिनचं, म्हणजे बी-1 चं इंजेक्शन दिलं. ते कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते म्हणे. मग दारू तुटल्याचा त्रास आवरायच्या गोळ्या, त्या रोज थोड्या कमी करत सातव्या दिवशी बंद. रात्री दोनला सिस्टर उठवून नाडी, बीपी बघायच्या, थरथर बघायला हात पुढे करायला लावायच्या आणि विचारायच्या, "आज वार कोणता?" एकदा वैतागून मुद्दाम चुकीचा सांगितला, तर थेट डॉक्टरच आले!

लिव्हरवर चरबी आहे, सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कायमचं घट्ट होणं, नाही. प्यायलो नाही तर चरबी उतरेल. पायांची आग मात्र नसांची आहे, तिला महिने लागतील. आई, तू उगाच चपलांना दोष देत होतीस.

आणि आई, ते न सांगता जेवणात कालवायचं औषध मनातून काढून टाक. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची ती गोळी, पोटात असताना दारू गेली तर उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला ठाऊकच नाही, तो सांभाळणार कसा? लिव्हरच्या तपासण्या बघून डॉक्टरांनी दिलीच, तर तुझ्यासमोर घेईन.

बुधवारी त्यांनी तुम्हा दोघांना बोलावलंय. फिटच्या वेळचे कागद आणा, कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या पिशवीत आहेत. पिशवीत अजून काही सापडलं तर तेही ओतून टाका.

तुमचा,
बाळू