मोटर बसवू हो, लाईट कुठली?

मा. संपादक,

काल तुमच्या पेपरात ते जुना डिझेल ट्रक इंजिन काढून, मोटर-बॅटरी बसवून इलेक्ट्रिक करा म्हणून अर्धं पान वाचलं, वाचता वाचता चहा थंड झाला माझा. लिहिणारे साहेब मे महिन्यात पावसहून वाशीला कधी आंब्याची गाडी घेऊन गेलेत का, एवढंच विचारायचंय.

संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्रभर गाडी हाणायची आणि पहाटे मार्केटला लागली नाही की भाव गेला. त्यात बॅटरीचं वजन पासिंगमधूनच, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनातूनच जाणार, म्हणजे तेवढ्या पेट्या उतरवा. सबसिडी म्हणाल तर केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेचे ते ९ लाख ६० हजारपर्यंतचे पैसे नव्या ई-ट्रकला, तेही जुना भंगारात घातल्याचं सर्टिफिकेट दाखवल्यावर. जुन्यालाच मोटर बसवणाऱ्याला काय, नारळ?

गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या इलेक्ट्रिक कारने मुंबईहून येत होतो. ९ टक्के उरले तेव्हा हायवेवरच्या एका हॉटेलात चार्जरला लावली आणि वळिवाचा पाऊस सुरू झाला, वीस मिनिटांत लाईट गुल. मालकाला म्हटलं जनरेटर तर चालू दिसतोय, तर म्हणतो चालू आहे ओ, पण त्याच्यावर डीप फ्रीजर आहे, आधी पापलेट मग तुमची गाडी. पहाटे साडेचारपर्यंत सोलकढी पीत बसलो दोघं. आणि तो जनरेटर पीत होता डिझेल! कारमध्ये आम्ही दोघंच होतो म्हणून निभावलं, मागे दोनशे पेट्या असत्या तर त्या दिवसाचं मार्केट कोणी भरून दिलं असतं, तुम्ही?

विजेशी माझं वाकडं नाही. कोकण रेल्वे २०२२ला पूर्ण विजेवर आली, तिची रो-रो १९९९पासून कोलाड ते वेर्णा ट्रक पाठीवर घेऊन जातेय, म्हणजे मोटर न बसवताही ट्रक विजेवर चालतोच की. आंब्याच्या दोन महिन्यांत रत्नागिरीला गाड्या चढवायची सोय करा, कोलाडला उतरून पुढचे शंभरेक किलोमीटर मी बॅटरीवर पण जाईन. त्यावर लिहा ना अर्धं पान.

बाकी लेखासोबतच्या फोटोतला गुळगुळीत रस्ता आमचा नव्हे. २०११पासून आमच्या हायवेचं काम चालूय, असला पांढरा पट्टा अजून बघायला मिळालेला नाही. आणि शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर छापायचं राहिलंय तुमचं, माझं १४ आडवं अडलंय.

एक ट्रकवाला, पावस, जि. रत्नागिरी